कपाळ, मूठ की छाती? पावसाळ्यातली टॉर्चची नोंदवही

या पावसाळ्यात एका प्रश्नाचा निकाल लावायचा ठरवलं होतं: रोज अंगावर बाळगायचं ते काय, हेडलॅम्प की हातातली टॉर्च? कपाटातल्या टॉर्चचा प्रश्न नाही, त्या कितीही असू देत. मंगळवारी रात्री कामावरून येताना, हातात पिशवी आणि डोक्यावर पाऊस असताना, जी बाहेर निघते तिच्याबद्दल बोलतोय.

आधी सामान. सरळ नळीतली कॉन्व्हॉय एस२+, शेपटीला क्लिकचं बटण, परावर्तकामुळे मधोमध टप्पोरा झोत. दुसरा काटकोनी, म्हणजे एल आकाराचा हेडलॅम्प. नळी उभी आणि दिवा बाजूला तोंड करून, भिंग पसरट उजेडाचं. पट्ट्यातून काढला की क्लिपने खिशाला अडकतो आणि शेपटीला चुंबक आहे. दोघांना एकच सेल चालतो, १८६५०, आणि हे मुद्दाम जमवलंय. नवीन मंडळींसाठी: १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. तिसरा तीन ट्रिपल-एवाला हलका हेडलॅम्प आहे, पण तो वहिनीने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी कधीच ताब्यात घेतलाय. तो मोजत नाही.

आणि वाट. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडच्या बाजूला. बसमधून उतरलं की थोडा डांबरी रस्ता, मग चिऱ्यांच्या गडग्याच्या कडेने पायवाट, मग कुळागरातून (पोफळी-नारळाच्या बागेतून) पाट ओलांडून अंगण. जूनमध्ये वारा सुटला की लाईट जाते, मग रस्त्यावरचे दिवे असून नसल्यासारखे.

जून

पहिल्या धो-धो पावसातच कपाळावरच्या दिव्याची गोची कळली. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असतो. समोरून पडणारा प्रत्येक थेंब तो उजळतो आणि तो उजेड सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढऱ्या रेघांचा पडदा. उजेड वाढवावा तर पडदा आणखी दाट. दोनशे ल्युमेनवर (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) जेवढी वाट दिसते, तेवढी आठशेवर दिसत नाही. तोच दिवा पट्ट्यातून काढून कमरेजवळ धरला की पडदा विरळ होतो, कारण उजळलेले थेंब आता नजरेच्या रेषेत येत नाहीत. गाड्यांचे फॉग लॅम्प बंपरच्या खाली बसवतात ते याचसाठी. घाटात धुकं उतरलं की हाच प्रकार, फक्त जास्त वाईट.

त्यात छत्री. पसरट झोताचा हेडलॅम्प लावून छत्री उघडली की अर्धा उजेड छत्रीच्या पोटावर. काड्या लख्ख दिसतात, पाय ठेवायची जागा दिसत नाही. छत्री मागे कलती करावी तर तोंडावर पाऊस.

आणि किडे. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात त्या आठवड्यात कपाळावर दिवा लावून गडग्याकडेने चालून बघा. नाकात, चष्म्याच्या आत, ‘अरे’ म्हणायला तोंड उघडलं तर तिथेही. निळसर-पांढऱ्या ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) दिव्यावर हा त्रास जास्त, ४००० च्या आसपासच्या पिवळसर दिव्यावर कमी, कारण किडे निळ्या आणि अतिनील उजेडाकडे जास्त ओढले जातात. कमी म्हणजे नाहीसा नव्हे.

पण माझ्यासाठी सगळ्यात वजनदार मुद्दा सावलीचा. उजेड डोळ्यांच्या रेषेतून गेला की प्रत्येक वस्तूची सावली तिच्या मागेच लपते, आपल्याला दिसतच नाही. जमीन सपाट वाटते. खड्डा, उचकटलेला चिरा, आडवी काठी, सगळं एकाच पातळीवर रंगवल्यासारखं. टॉर्च कमरेजवळून धरली की साधा खडाही वीतभर सावली टाकतो. आमच्याकडे हे का महत्त्वाचं, ते सत्तरीत राहणाऱ्याला सांगायला नको. फुरसं हा विषारी साप फूट-दीड फुटाचा, रंग सुकलेल्या पानांचा आणि जांभ्या मातीचा, आणि ते बाजूला सरकत नाही, वेटोळं करून बसून राहतं. कपाळाच्या उजेडात ते जमिनीचा भाग होऊन जातं, बाजूने पडलेल्या उजेडात त्याला कडा येते. (गमबूट तरीही घालायचेच. टॉर्च हा गमबुटाला पर्याय नाही.)

म्हणजे जूनअखेर गुणपत्रिका अशी: वाट चालायला मूठ जिंकली. पण एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च, मग पिशवी कुठे? फाटकाची कडी कशाने काढायची? दातांत धरून काढली, हे वहिनीने पाहिलं आणि त्यावर बोललीही.

जुलै

कपाळाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. रात्री जिवांचे डोळे शोधायचे तर दिवा डोळ्यांजवळच हवा. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागे चकाकणारा थर असतो. तो उजेड जिथून आला जवळपास तिथेच परत पाठवतो. दिवा कमरेला आणि डोळे वर असतील तर तो परतीचा उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. हेडलॅम्प लावून आमच्याच कुळागरात पोफळींच्या बुंध्यांशी नजर टाकली तर पाचोळ्यात बारीक हिरवट ठिणग्या. जवळ जाऊन वाकलो तर कोळी. एकेक ठिणगी म्हणजे एकेक कोळी, आणि त्या रात्री पाचोळ्यावर पाय ठेवायला जागा शोधावी लागली. टॉर्च खाली घेतली की सगळं गुल. कानशिलाजवळ धरली की परत हजर. म्हणजे इथेही पट्टा लागतोच असं नाही. दिवा कुठे धरता ते महत्त्वाचं.

गव्याचंही तेच. गोव्याचा राज्यप्राणी असला म्हणून काय, रात्री वाटेत उभा असला तर मला तो लांबूनच कळायला हवा. तिथे पसरट उजेड कामाचा नाही, लांब मारा लागतो. खोक्यावर ल्युमेन मोठ्या आकड्यात छापतात, पण लांबीसाठी कँडेला, म्हणजे झोताच्या मध्याची तीव्रता, बघायचं. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. एएनएसआय एफएल१ या टॉर्चच्या मानकात हे अंतर पाव लक्सवर मोजतात, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. चांदण्यात गवा आणि करवंदीची जाळी यांत फरक करून पाहा, मग समजेल की छापील आकड्याचा अर्धाच धरायचा.

याच मानकातली दुसरी मेख चालण्याच्या वेळेची. सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजला जातो. ‘१००० ल्युमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास हजार नव्हे. एवढ्याशा नळीत हजार ल्युमेनची उष्णता मावत नाही, काही मिनिटांत दिवा स्वतःच खाली येतो. माझा ढोबळ हिशोब असा: ३००० एमएएच सेल, ३.६ व्होल्ट, म्हणजे पावणेअकरा वॉट-तास. चांगला दिवा एका वॉटला शंभराच्या आसपास ल्युमेन देतो. तेव्हा शंभर ल्युमेनवर साधारण दहा तास. वाट चालायला शंभर पुरतात. बाकीचे गावाला दाखवायला.

छाती

जुलैच्या मध्यावर तिसरी जागा सापडली आणि वादच बदलला. एल आकाराचा दिवा रेनकोटच्या छातीला. डोळ्यांपासून दीड-दोन वीत खाली, छत्रीच्या पोटाच्या बाहेर, दोन्ही हात मोकळे. पावसाचा पडदा कपाळापेक्षा बराच विरळ, सावल्या कमरेइतक्या लांब नाहीत पण दिसतात, आणि किडे आले तर बटणाशी येतात, तोंडाशी नाही.

अडचण एवढीच की रेनकोटला क्लिप धरत नाही, ओलं कापड सटकतं. वाळपईच्या टेलरकडून छातीवर दप्तराच्या नायलॉन पट्टीचा बोटभर आडवा तुकडा शिवून घेतला. दोन्ही टोकांना उलटसुलट शिवण, मध्ये क्लिप जाईल एवढी फट. पट्टी थोडी सैल ठेवायला सांगितली, म्हणजे दिव्याचं डोकं पुढे झुकतं आणि झोत समोर दहा-बारा पावलांवर पडतो. घट्ट शिवली तर उजेड समोरच्याच्या तोंडावर. आतून मेण घासलं, शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून. टेलरने विचारलं, पोलिसात लागला काय रे?

समोरच्याच्या डोळ्यांचा मुद्दा हलका नाही. कपाळावर दिवा असला की ज्याच्याशी बोलाल त्याला आंधळं कराल, कारण बोलताना आपण तोंडाकडेच बघतो. दिवाडी बेटावर आत्याकडे गेलो होतो, रात्रीच्या फेरीबोटीत हेडलॅम्प काढायचा राहिला आणि दोरवाल्याकडे मान वळवली. ‘अरे दोळ्यांत मारूं नाका!’ बरोबरच होतं त्याचं. छातीवरच्या दिव्याने उभ्या माणसाला त्रास कमी, पण बाकावर बसलेल्याच्या आणि पोरांच्या थेट डोळ्यांत जातो. तिथे तळवा आडवा धरायची सवय लागते.

छातीला जमत नाही ते दोन: लांबचं, आणि मान वळवून बघायचं. कुशीला काही खसफसलं तर अख्खं अंग फिरवावं लागतं.

चतुर्थी

कपाळाचं खरं राज्य इथे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायची म्हणजे स्टुलावर उभं राहून, मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, केवणीच्या (रानझाडाच्या सालीच्या) दोराने नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं (लिंबाच्या जातीची मोठी फळं) एकामागून एक बांधत जायचं. ऐन वेळी लाईट गेली. छातीवरचा दिवा गणपतीच्या चौरंगाला उजळतोय, गाठ अंधारात. हातातली टॉर्च धरायला धाकट्याला उभं केलं तर दोन मिनिटांत त्याचा झोत करंज्यांच्या डब्याकडे. हेडलॅम्प लावला, तीस-चाळीस ल्युमेन, पिवळसर, आणि सगळ्या गाठी बसल्या. हाताच्या अंतरावरच्या कामाला याहून जास्त उजेड उलट त्रास देतो, हिरव्या सालीवरून चमकून येतो. रंग नीट दाखवणारा दिवा असेल तर इथे फरक दिसतो. नव्वदच्या वरचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरापैकी माप) असला की पिकलं फळ आणि काढलेलं कच्चं फळ वेगळं कळतं.

काकांनी आयुष्यभर खाणीवर काम केलं. मला बघून म्हणाले, ‘खाणीवरचा दिसतोस असं कोणी म्हणेल, पण आमच्या खाणी उघड्या. दिवे डंपरला असायचे, डोक्याला नव्हे.’

तसंच कौलं सारणं, मीटरच्या पेटीतला फ्यूज, पंपाचा फूटव्हॉल्व. हात गुंतलेले आणि नजर एका जागी, तिथे कपाळ. पण ही कामं घरची आहेत, रोज खिशात घेऊन फिरायची नाहीत.

निगा

पट्टा हा हेडलॅम्पचा सगळ्यात नाजूक भाग. ऑगस्टमध्ये इथे कपडे वाळत नाहीत तिथे घामाने भिजलेलं इलॅस्टिक काय वाळणार. आंबूस वास आला, मग काळे ठिपके. दिवा काढून पट्टा साबणाने धुवा आणि चुलीच्या वरच्या बाजूला टांगा, थेट धगीवर नको.

चुंबकाची शेपटी गॅरेजात आणि ग्रिलला चिकटवायला फार सोयीची, पण खिशात एक-दोन रुपयांची नाणी तिला लगडतात, कारण ही नाणी चुंबकाला धरणाऱ्या स्टीलची असतात. किल्लीही येते. दिवा एका खिशात, सुटे दुसऱ्या. खिशात चुकून पेटू नये म्हणून शेपटी पाव फेरा सैल करायची. आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) असेल तर वीज तिथेच तुटते. आधी घरी करून बघा, सगळ्यांत होत नाही.

आयपीएक्स८ (पाण्यात बुडलं तरी चालेल असा दर्जा) छापलेलं असलं तरी पाणी अडवतो तो शेवटी रबराचा रिंग. सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात पुरतो. खोबरेल लावू नका, धूळ धरतं आणि खवट होतं.

आत्ताची मांडणी

रोज अंगावर: एल आकाराचा, ४००० केल्विनच्या आसपासचा, पावसात रेनकोटच्या छातीला, एरवी पँटच्या खिशात. स्कूटरच्या डिकीत: सरळ टॉर्च, लांब माऱ्यासाठी, आणि प्लास्टिकच्या डबीत एक जास्तीचा सेल. सेल सुटा ठेवायचा नाही, किल्ल्यांशी तर नाहीच. घरी दाराच्या खुंटीला: कोरडा, धुतलेला पट्टा. ‘मोबाईल आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी: ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, आणि पाटात पडला तर टॉर्चबरोबर फोनही गेला.

म्हणजे ‘हेडलॅम्प की टॉर्च’ असं विचारणाऱ्याला मी आता उलट विचारतो, छातीला लावता येईल असं काही आहे का? काटकोनी दिवा तिन्ही जागी बसतो. सरळ नळी कपाळावर बसत नाही, आणि पट्ट्याला कायमचा जोडलेला हेडलॅम्प छातीवर.

पुढचं काम: रेनकोटच्या पट्टीची डावी शिवण उसवायला लागलीय, या वेळी दुहेरी घालून घेईन. आणि शेपटीचा रिंग बदलायचाय. जुना घेऊन म्हापशाला शुक्रवारी जाईन, पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात जुळणारा मिळतो का बघतो. कोणी आधी मिळवला असेल तर माप कळवा, आतला व्यास आणि जाडी दोन्ही.