अरुंद गल्लीतला मॅना ॲश

आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खिडकीशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही. त्या गल्लीत साधा युरोपीय ॲश लावलेला होता. ३० मीटरच्या वर जाणारं झाड ते! दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या फांद्या छाटून नुसता खुंट उभा करायचे. मला बघवत नसे.

तो गेला, आणि त्याच आळ्यात मॅना ॲश आला, फ्रॅक्सिनस ऑर्नस. दक्षिण युरोपातला, उन्हाला आणि कोरड्या, चुनखडीच्या मातीला सरावलेला. रानात तोही १५ मीटर ओलांडतो, पण रस्त्याकडेला बराच ठेंगणा राहतो. याहून चिंचोळी जागा असेल तर ‘मेचेक’ हा त्याचाच वाण घ्यावा. त्याचा माथा चेंडूसारखा गोल आणि दाट असतो.

हिवाळ्यात ओळख पटवायची तर फांदीवरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब बघा. साध्या ॲशचे कोळशासारखे काळे, याचे करडे, मखमली. बागेतल्या जुन्या झाडावर आणखी एक गंमत दिसते. मॅना ॲशचं कलम बरेचदा साध्या ॲशच्या खुंटावर बांधतात. मी जोडावर तळहात ठेवून पाहिला: खाली भेगाळलेली, खरखरीत साल, वर एकदम गुळगुळीत, राखाडी. एकाच खोडात दोन झाडं!

बहुतेक ॲशचं परागीकरण वारा करतो, त्यांच्या फुलांना पाकळ्याच नसतात. याला मात्र मे महिन्यात पानांबरोबरच पांढरट, सुवासिक तुरे येतात, आणि माश्यांची झुंबड उडते. जाई, मोगरा, पारिजातक यांच्याच कुळातला तो, हे कळल्यापासून मला तो जास्तच जवळचा वाटतो. सिसिलीत कास्तेलबुओनोच्या आसपास उन्हाळ्यात त्याच्या सालीला चिरा देतात. झिरपलेला गोड रस वाळून पांढऱ्या कांड्या होतात. तोच मॅना.

१९९२ मध्ये पोलंडमध्ये दिसलेल्या बुरशीने युरोपातले साधे ॲश वाळत चाललेत, मॅना ॲश तिला बऱ्यापैकी पुरून उरतो. तरी अख्खा रस्ता एकाच जातीने भरू नये, असं माझं ठाम मत आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने उत्तर अमेरिकेत कोट्यवधी ॲश संपवले. म्हणून आमच्या गल्लीत दोन मॅना ॲशच्या मध्ये दुसरं झाड हवं, हा हट्ट मी धरला, आणि तो पुरवला गेला.

परवा पहिला तुरा उमलला. खिडकी उघडीच ठेवली आहे.