फाटक, नोंद सहावी: एक मॉडेल, दोन वागणुकी

मागच्या नोंदीच्या शेवटी ‘आता फक्त बोर्डावर चढवायचं बाकी आहे’ असं लिहिलं होतं. ते ‘फक्त’ महिनाभर पुरलं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांवर एक फाटक आहे: गाडी ओळखायला दोन इन्फ्रारेड सेन्सर, दांड्याखाली काही अडकलं तर कळायला तिसरा, दांडा हलवणारी एक सर्व्हो मोटर, एक लाल दिवा आणि हे सगळं चालवणारा अर्दुइनो उनो हा छोटा बोर्ड. फाटकाने कसं वागायचं ते मी सीमध्ये लिहीत नाही. माझ्याच एका छोट्या भाषेत स्टेट मशीन लिहिते, म्हणजे फाटकाच्या अवस्था (स्टेट) आणि कुठल्या घटनेने एकीतून दुसरीत जायचं (ट्रान्झिशन) याची यादी. पायथनमधली टेक्स्टएक्स ही लायब्ररी ती फाइल वाचते आणि जिंजाच्या टेम्पलेटमधून, म्हणजे रिकाम्या जागा भरायच्या साच्यातून, सी कोड बाहेर पडतो. ती फाइल म्हणजे मॉडेल, ६४ ओळींचं; कोड काढणारं सगळं प्रकरण म्हणजे जनरेटर, आणि त्यातून निघणारा सी ४१० ओळींचा. हाताने लिहिला असता तर एका दुपारचं काम होतं, हे मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा सांगू नका.

टेम्पलेटचे संच दोन. एक उनोसाठी, दुसरा डेस्कटॉपवरच्या नकली फाटकासाठी. २००१ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एमडीए ही मॉडेलवरून सॉफ्टवेअर बनवायची पद्धत मांडली, तिच्यात प्लॅटफॉर्मशी देणंघेणं नसलेलं मॉडेल वेगळं आणि प्लॅटफॉर्मला बांधलेलं वेगळं अशी विभागणी होती. माझं प्रकरण म्हणजे तिचीच घरगुती आवृत्ती. मॉडेल एकच असल्यामुळे दोन्हीकडे फाटक सारखंच वागेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

बोर्डावर पहिल्यांदा चढवलं, गाडी सोडली, दांडा खाली येऊ लागला आणि मी मध्ये पेन्सिल धरली. डेस्कटॉपवर अशा वेळी दांडा परत वर जातो. इथे तो जागच्या जागी थांबला, दिवा लुकलुकायचा बंद होऊन स्थिर झाला आणि फाटक ‘दोष’ स्टेटमध्ये जाऊन बसलं. साहजिकच मी सेन्सरला दोष दिला. दोन संध्याकाळी वायरिंग उचकटण्यात गेल्या, एक रेझिस्टरही बदलला. सेन्सर बिचारा ठणठणीत होता.

गोम मॉडेलच्या या भागात होती. ‘कार्यरत’ ही बाहेरची स्टेट; तिच्या पोटात ‘उघडं’, ‘इशारा’, ‘खाली येतंय’, ‘बंद’ आणि ‘वर जातंय’. ‘खाली येतंय’मध्ये असताना ‘अडथळा’ आला तर ‘वर जातंय’मध्ये जायचं, हा आतला नियम. आणि ‘कार्यरत’वर एक सरसकट नियम: कुठेही असताना ‘अडथळा’ आला की ‘दोष’. दांडा खाली येत असताना अडथळा आला की दोन्ही नियम लागू पडतात. मग कुठला चालवायचा?

डेस्कटॉपच्या टेम्पलेटमध्ये स्विचच्या (सीमधल्या ‘यापैकी कुठलं’ तपासणाऱ्या रचनेच्या) आत स्विच आहे आणि आतल्या स्टेटचा स्विच आधी तपासला जातो. उनोवर रॅम अवघी २ केबी, म्हणून तिथे मी सगळी ट्रान्झिशन एका सपाट तक्त्यात घालून तो फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत, ठेवला होता. तक्ता भरताना स्टेटचं झाड मी मुळापासून, म्हणजे बाहेरून आत, चालले, त्यामुळे बाहेरच्या स्टेटच्या ओळी वर आल्या. जुळणारी पहिली ओळ जिंकते. झालं.

आता चूक कुणाची म्हणायची? डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट, म्हणजे अशा पोटात स्टेट असलेल्या स्टेट मशीनच्या आकृत्या, मांडले. त्यांच्याच परंपरेतल्या स्टेटमेट या साधनात अशा भांडणात बाहेरचं ट्रान्झिशन जिंकतं. यूएमएल या सॉफ्टवेअर मॉडेलांच्या प्रमाण भाषेने बरोबर उलटं ठरवलं, तिथे आतलं जिंकतं. म्हणजे माझे दोन्ही जनरेटर आपापल्या घराण्याला धरूनच गात होते. मॉडेलमध्ये मात्र याबद्दल एक अक्षरही नव्हतं. ‘फाटकाचं वागणं मॉडेलमध्ये आहे’ असं मी सहा महिने सांगत फिरत होते, आणि त्यातला कळीचा निर्णय एका टेम्पलेटमधल्या लूपच्या क्रमावर ठरत होता.

दुरुस्ती अशी केली की टेम्पलेटकडून निर्णयाचा अधिकारच काढून घेतला. आता मध्ये एक पायरी आहे. प्रत्येक सर्वात आतली स्टेट आणि प्रत्येक घटना यांच्या जोडीला नेमकं कुठलं ट्रान्झिशन चालणार, हे पायथनमध्येच एकदा ठरतं. मी यूएमएलचा नियम धरला, आतलं जिंकतं. आतल्या नियमाने बाहेरचा झाकला गेला की जनरेटर तशी सूचनाही देतो. टेम्पलेटांनी आता फक्त छापायचं. शिवाय एक चाचणी जोडली: घटनांची तीच यादी दोन्हीकडे पाठवायची, चाललेल्या ट्रान्झिशनचे क्रमांक बोर्डावरून सिरियलने (केबलवरून) मागवायचे आणि दोन याद्या जुळवायच्या. पहिल्याच रात्री तिने आणखी एक फरक पकडून दिला. डेस्कटॉपवर घटना रांगेत थांबत होत्या, बोर्डावर इंटरप्ट (सेन्सरकडून आलेला, चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) थेट स्टेट मशीनलाच हाक मारत होता. तिथेही रांग बसवली, विषय संपला.

ते क्रमांक कुठून आले, हे सांगायला हवं, कारण त्याची मुळं माझ्या मराठीच्या हौसेत आहेत. स्टेटची नावं देवनागरीतच हवीत हा माझा हट्ट. टेक्स्टएक्समध्ये नावासाठी जो तयार नियम आहे तो पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुराचा नमुना जुळवायच्या सोयीवर) चालतो आणि त्यातलं ‘शब्दाचं अक्षर’ म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार यांना धरतच नाही. त्यामुळे ‘फाटक’मधला ‘फ’ घेऊन पार्सर (फाइल वाचून तिची रचना लावणारा भाग) थांबला आणि पुढच्या कान्यावर अडून बसला. गंमत म्हणजे पायथनलाच विचारलं तर ‘फाटक’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून त्याला बिनदिक्कत चालतं. मी व्याकरणात नावाचा स्वतःचा नियम लिहिला, त्यात देवनागरीचा पट्टा घातला, तेव्हा ते पुढे सरकलं.

पुढचा दगड सीमध्ये. जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून आयडेंटिफायरमध्ये (कोडमधल्या नावांमध्ये) अशी अक्षरं थेट लिहिता येतात, म्हणून डेस्कटॉपवर सगळं सुरळीत. अर्दुइनोसोबत येणारा एव्हीआरचा (उनोवरच्या चिपच्या घराण्याचा) जीसीसी मात्र ७.३, त्याने प्रत्येक अक्षरागणिक ‘स्ट्रे ३४०’ची, म्हणजे ‘इथे भलतंच चिन्ह आहे’ अशा तक्रारींची, लड लावली. ३४० म्हणजे देवनागरी अक्षराची यूटीएफ-८ मधली पहिली बाइट, ऑक्टलमध्ये (आठच्या पायात). शेवटी सीमध्ये नाव न्यायचंच नाही असं ठरवलं. मॉडेलमधल्या प्रत्येक स्टेटला आणि ट्रान्झिशनला कायमचा क्रमांक, सीमध्ये तो क्रमांक, आणि शेजारी कॉमेंटमध्ये मराठी नाव.

नाइलाजाने केलेली ही गोष्ट सगळ्यात जास्त कामाची ठरली. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे कोड, चाचण्या आणि नोंदी यांचे मॉडेलशी असलेले दुवे तुटत नाहीत. हा प्रकल्प मी आधी एक्लिप्सच्या ईएमएफ या मॉडेलिंगच्या साधनात सुरू केला होता. तिथे वेगळं काही सांगितलं नाही तर घटकाचा पत्ता जागेवरून ठरतो: अमुकव्या स्टेटचं तमुकवं ट्रान्झिशन. मध्येच एक स्टेट घातली आणि बाहेरच्या फाइलमधले माझे सगळे दुवे एकेक घर सरकले. ‘बंद’ची टिपणं ‘वर जातंय’ला जाऊन चिकटली होती आणि ते मला आठवड्याने कळलं.

दुसरा दुवा ओळींचा. मॉडेलमध्ये काही अटी मी थेट सीमध्ये लिहिते. त्यात सेमीकोलन चुकला की कंपायलर जनरेट झालेल्या फाइलमधली ओळ दाखवायचा, आणि ती फाइल बघायची नाही असा तर माझा नियम. आता जनरेटर अशा प्रत्येक तुकड्याआधी सीचा लाइन डिरेक्टिव्ह, म्हणजे ‘पुढची ओळ अमुक फाइलमधली अमुकवी समज’ अशी कंपायलरला सूचना, छापतो; लेक्स आणि याक ही जुनी कोड काढणारी साधनं करतात तसाच. घटक मूळ फाइलमध्ये कुठे आहे ते टेक्स्टएक्स सांगतं, त्यावरून ओळ काढता येते. आता चूक मॉडेलच्या ओळीवर दिसते, आणि डेस्कटॉपवर जीडीबी या चुका शोधायच्या साधनात ब्रेकपॉइंटसुद्धा (प्रोग्रॅम थांबवायची जागा) मॉडेलच्याच ओळीवर लावता येतो. तुकडा संपल्यावर परत सीच्या फाइलकडे वळवणारा दुसरा डिरेक्टिव्ह मी पहिल्यांदा विसरले होते. कंपायलरने ६४ ओळींच्या फाइलमधली २१३ व्या ओळीवरची चूक मोठ्या आत्मविश्वासाने दाखवली.

हाताने लिहिलेल्या कोडचं दुःख चौथ्या नोंदीत सांगितलंच आहे (जनरेट होणाऱ्या फाइलमध्येच राखीव खुणांच्या मध्ये लिहिलेला कोड, स्टेटचं नाव बदललं आणि सगळा भाग पुसला गेला). त्या खुणा कायमच्या गेल्या. जनरेटर आता फंक्शनचे फक्त प्रोटोटाइप (नाव आणि स्वरूप) हेडर फाइलमध्ये छापतो, अंग, म्हणजे आतला कोड, मी वेगळ्या फाइलमध्ये लिहिते आणि त्या फाइलला जनरेटर हात लावत नाही. मॉडेलमध्ये नवी क्रिया आली आणि अंग लिहायचं राहिलं तर लिंकर (कोडचे तुकडे शेवटी जोडणारा) ओरडतो. उलटं झालं, म्हणजे मॉडेलमधून क्रिया काढली आणि अंग मागे राहिलं, तर प्रोटोटाइप नसलेल्या फंक्शनांबद्दलचा जीसीसीचा इशारा चालू ठेवला की तेही कळतं. दोन्ही दिशांचा पहारा फुकटात.

दिव्याचं एक वाक्यात: इशाऱ्याचा दिवा मंद-तेज व्हावा म्हणून १० नंबरच्या पिनवर होता आणि होत नव्हता, कारण उनोवर सर्व्होची लायब्ररी टायमर १ ताब्यात घेते आणि ९ व १० वरचं पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून दिवा मंद करायची सोय) बंद पडतं. ही माहिती फाटकाच्या मॉडेलमध्ये घालणं मला पटेना. ती पिनांच्या फाइलमध्ये गेली, आणि सर्व्हो असताना त्या दोन पिनांवर कुणी मंद दिवा मागितला तर जनरेटर कोड द्यायलाच नकार देतो.

सध्या अडले आहे ते ‘३ सेकंदांनी’ या शब्दांवर. उनोचा मिलिसेकंदांचा काउंटर ३२ बिटांचा, साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तेवढं कोण थांबणार, म्हणून दोन्हीकडे घड्याळ त्या काठाजवळूनच सुरू केलं. दोन्ही टेम्पलेटमध्ये तुलना तीच: सुरुवात अधिक ३००० पेक्षा आत्ताची वेळ मोठी आहे का. उनोवर ती बेरीज वळसा घालून लहान होते आणि इशारा सुरू होताक्षणी संपतो. डेस्कटॉपवर अनसाइन्ड लाँग (वेळेसाठी वापरलेला सीमधला संख्येचा प्रकार) ६४ बिटांचा, तिथे बेरीज वळसा घेत नाही, घड्याळ मात्र घेतं, आणि इशारा संपतच नाही. म्हणजे पुन्हा एक मॉडेल आणि दोन वागणुकी, या खेपेला दोन्ही चूक.

उपाय माहीत आहे: वजाबाकी करायची आणि प्रकार ३२ बिटांचा पक्का करायचा. पण ‘वेळ ३२ बिटांची’ हे मॉडेलच्या भाषेत लिहायचं, मधल्या पायरीत घालायचं की प्लॅटफॉर्मच्या फाइलमध्ये, यावर माझं मन दोन दिवस झुलतंय. तूर्त मधल्या पायरीत घालून बघते.