बर्चची छाटणी ऑगस्टअखेर, अर्ज मात्र मे महिन्यात

इंग्लंडमध्ये घराच्या आवारात जुना सिल्व्हर बर्च असेल आणि त्याच्या फांद्या कमी करायच्या असतील, तर करवतीला हात लावण्याआधी कौन्सिलला एकच गोष्ट विचारा: या झाडावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर, म्हणजे परवानगीशिवाय झाड कापायला मनाई करणारा कौन्सिलचा आदेश, आहे का? आमच्या झाडावर होती. परवानगी न घेता कापलं तर मोठा दंड होतो. परवानगी मिळते, अर्जाला फीही नसते. पण माझा छाटणीचा सगळा मोसम त्या अर्जात गेला, आणि त्याचा राग अजून आहे.

बर्चला घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही. हिवाळा सरत आला की मुळं खालून पाणी जोरात वर ढकलतात. तेव्हा फांदी कापली तर जखमेतून दिवसच्या दिवस रस गळत राहतो. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, आणि वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे हातात उरतात ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर.

मी अर्ज केला सप्टेंबरमध्ये. कामाच्या वर्णनात लिहिलं, ‘खालच्या फांद्या काढणे व झाड थोडे विरळ करणे.’ अठरा दिवसांनी अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. काय अपूर्ण, ते पत्रात नव्हतं. फोन केला तर ‘मार्गदर्शिका वाचा’ एवढंच उत्तर. एका ओळीत सांगता आलं असतं की ‘थोडे’ हे माप नाही! निर्णयाचे आठ आठवडे मोजले जातात ते पूर्ण अर्ज पोचल्यापासून, म्हणजे ते अठरा दिवस हिशेबातच नाहीत. पुन्हा मोजमापं घेऊन दुसरा अर्ज पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडला.

दुसऱ्या अर्जात लिहिलं ते असं: पायवाटेवर २.५ मीटर उंची मोकळी राहावी म्हणून दक्षिणेकडच्या सर्वांत खालच्या दोन फांद्या खोडापासून काढणे, व्यास ४५ व ५० मिलिमीटर. छपराकडच्या तीन फांद्या कमाल १ मीटरने आखूड करणे, प्रत्येक काप जिवंत उपफांदीशी. प्रत्येक कामापुढे त्याचं कारण. सोबत घर, रस्ता आणि झाडाची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, ऑर्डरमध्ये झाडाला दिलेला क्रमांक आणि फांद्यांवर खडूने खुणा करून काढलेले फोटो. हा अर्ज एका शब्दाचीही शंका न काढता स्वीकारला गेला.

आठ आठवडे उलटूनही उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजू नका. तेव्हा फक्त अपील करता येतं. झाडावर ऑर्डर नसून घर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या वस्तीत, असेल तर नियम वेगळा: सहा आठवड्यांची लेखी पूर्वसूचना द्यायची, आणि त्या मुदतीत हरकत आली नाही तर काम करता येतं. मला परवानगी जानेवारीत मिळाली. रस चढायचे दिवस तोंडावर होते, म्हणून करवत तशीच ठेवली. परवानगी दोन वर्षं चालते, त्यामुळे पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत थांबणं सोपं गेलं. तुम्ही मे महिन्यातच अर्ज टाका.

वाळलेल्या फांद्या काढायला मात्र ही परवानगी लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं. कापण्याआधी फोटो तेवढा काढून ठेवा. आणि त्या फांद्यांना ऑगस्टमध्येच रिबिन बांधा, कारण पानं गळल्यावर जिवंत आणि मेलेली फांदी खालून सारखीच दिसते. शंका आली तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर हात लावू नका.

कापताना बर्चचा स्वभाव लक्षात घ्या. याची मोठी जखम नीट भरत नाही, कूज थेट खोडात उतरते. ५ सेंटिमीटरपेक्षा जाड फांदी अगदी नाइलाज असेल तरच काढावी. शेंडा कधीच उडवू नका. म्हाताऱ्या लाकडातून बर्च सहसा नवी फूट देत नाही, खुंट नुसता वाळत जातो. एका मोसमात दहावा हिस्सा पानोरा काढला तरी पुष्कळ झाला.

फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून ३० सेंटिमीटरवर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप. त्याच्या थोडं बाहेर वरून दुसरा, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल ओरबाडत खाली येत नाही. मग उरलेला खुंट, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कडेच्या अगदी बाहेरून. ती कड कापली तर जखम भरून काढणारा भागच गेला. खुंट लांब ठेवला तर तोच कुजतो. वरून रंग किंवा डांबर लावू नका.

फांदी शिडीशिवाय हाताला येत नसेल तर विमा उतरवलेला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या छाटणीचा जाणकार, बोलवा. खोडावर पांढुरकी-तपकिरी, खुराच्या आकाराची बुरशी दिसली तर छाटणी थांबवून आधी त्याच्याकडून झाड तपासून घ्या. ती बर्चचीच बुरशी, आणि ती बाहेर दिसते तोवर आतलं लाकूड पोखरलेलं असतं. फांद्यांत काटक्यांचा झुबका घरट्यासारखा दिसला तर तो निरुपद्रवी, राहू द्या. पापुद्रे सुटणारी सालही सोलू नका. आपल्याकडच्या पोथ्यांचं भूर्जपत्र ज्या हिमालयातल्या झाडाचं, ते याच्याच कुळातलं.

पुढच्या वसंतात जखमेतून थोडं पाणी झिरपलंच, तर कापड बांधू नका. पानं पूर्ण उघडली की ते आपोआप थांबतं.