चारो टायर सगे भाई

मागच्या मे महिन्यात एका बससाठी ५० हजार रुपये बयाणा देऊन बसलो. बस दारात आली नाही आणि पैसेही परत आले नाहीत. घरात हा विषय निघाला की आमची मंडळी भाकरी जरा जोरात थापते, म्हणून इथं लिहितोय.

धंदा माझा वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक फिरवण्याचा. पावसाळ्यात गौताळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर न्यायचं म्हटलं की डांबर सुटतं आणि काळी माती धरते. ती पायातली चप्पल सोडत नाही, बस काय सोडणार? म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या बसचं वेड डोक्यात होतंच. त्यात पुण्याकडच्या एका गड्याच्या शेडमध्ये फोक्सवॅगनची तसलीच एक बस निघाली, सिंक्रो नावाची. कुणी जर्मन जोडपं इराण-पाकिस्तान करत वाघा बॉर्डरनं आलं आणि गाडी इथंच ठेवून गेलं म्हणे. ही सिंक्रो १९८५ ते १९९२ एवढीच वर्षं ऑस्ट्रियात ग्राझला बनायची. आत पलंग, ओटा, खिडकीला पडदे. बघितली आणि अक्कल गहाण पडली.

बयाणा दिल्यावर मी आमच्या गॅरेजवाल्या चाचांना घेऊन गेलो. आधी न्यायला पाहिजे होतं, माहितीय. चाचांनी इंजिनाकडं बघितलंच नाही. खाली बसले आणि टायरवरून हात फिरवत गेले. पुढचे दोन नवे, मागचे दोन गुळगुळीत.

"बेटा, इसके चारो टायर सगे भाई होना. सौतेले नक्को."

या गाडीत मागची चाकं कायम ओढतात. पुढच्या चाकांना जोर मिळतो तो सिलिकॉनचं घट्ट तेल भरलेल्या एका डब्यातून. त्याला व्हिस्कस कपलिंग म्हणतात. मागची चाकं चिखलात नुसतीच फिरायला लागली की डब्यातलं तेल तापून आवळतं आणि पुढची चाकं ओढायला लागतात. पण टायरचा घेर कमी-जास्त असला तर चांगल्या रस्त्यावरसुद्धा तो डबा राबत राहतो. तापतो, कडक होतो, आणि वळण घेताना गाडी अडल्यासारखी चालते. सगळा ताण गिअरबॉक्सवर. आम्ही शेडच्या आवारात एक चक्कर मारली, तर स्टिअरिंग वळवताना ती खरंच कुरकुरली. तो डबा आपल्या मोंढ्यात मिळत नाही. परदेशातून मागवायचा, आणि तोवर गाडी उभी.

शिवाय इंजिन मागं, रेडिएटर पुढं. पाण्याचे लांबलचक पाइप पोटाखालून जातात. ७० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, दोन टनांच्या आसपास वजन, वर आमचा मे महिना. औट्रम घाटात काय झालं असतं, विचार करवत नाही.

तरीही मी घेतली असती. खरा घाव कागदांनी घातला. ती गाडी कार्नेवर आलेली. म्हणजे जकात न भरता थोड्या दिवसांसाठी आत आणायची आणि परत बाहेर न्यायची. इथं परस्पर विकली तर कस्टमवाले उचलून नेऊ शकतात. रीतसर आयात म्हणावी, तर जुनी गाडी तीन वर्षांच्या आतली लागते, उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि मुंबई बंदरातूनच यावी लागते. ही पस्तिशीची, स्टिअरिंग डावीकडं. व्हिंटेज म्हणावी तर ५० वर्षं भरायला हवीत, आणि तसल्या गाडीवर धंदा करता येत नाही. मग पिवळी पाटी कुठली, विमा कुठला? उद्या पर्यटकाला काही झालं असतं तर माझं शेत विकायची पाळी आली असती.

"आरटीओत आपला माणूस आहे, होऊन जाईल," असं तो गडी शेवटपर्यंत म्हणत होता. बयाण्याचं विचारलं की मात्र त्याचा फोन कव्हरेजच्या बाहेर.

गाडी अजून त्या शेडमध्येच आहे. गेल्या महिन्यात नांदेडहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. "भाऊ, तुम्ही ती बस बघितली होती ना? कशी आहे?" मी सांगून टाकलं, आधी टायर बघा. फोन ठेवला आणि लगेच परत लावला. म्हटलं, नाही हो, आधी कागद बघा.