हिपॅटायटिस बी आणि बाळाचे पहिले 12 तास

लेबर रूमला नाईट असली की निम्मी रात्र कागद शोधण्यात जाते, आमच्यातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. त्या रात्री एक पेशंट आली, कळा चांगल्याच वाढलेल्या, पाणी गेलेलं, फाइल जाडजूड. सोनोग्राफी चार, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड सगळं होतं, हिपॅटायटिस बीची टेस्ट, म्हणजे एचबीएसएजी, मात्र नाही. नवरा म्हणतोय "सिस्टर, सगळ्या टेस्ट केल्यात हो आम्ही", आणि केल्याही असतील, पण कागद नाही म्हणजे माझ्यासाठी टेस्ट झालेलीच नाही. रॅपिड किट लावलं. आधी कंट्रोलची रेघ आली, मग तिच्या शेजारी दुसरी, फिकट होती पण होती, म्हणजे पॉझिटिव्ह. मॅडमना दाखवलं, रक्त लॅबला पाठवलं आणि लगेच फ्रिज उघडून लस आहे का ते बघितलं.

घाई कशाची ते सांगते. मोठ्या माणसाला हा व्हायरस लागला तर शंभरातले पंच्याण्णव तरी स्वतःच बरे होतात, पुष्कळांना कळतही नाही. जन्मताना लागला तर उलटं, दहातल्या नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. मूल छान वाढतं, खेळतं, कुणाला शंका येत नाही आणि मग तिशी-चाळिशीत एकदम सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, नाहीतर लिव्हरचा कॅन्सर समोर येतो. आईकडून बाळाला तो बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या वेळीच जातो, रक्तातून. म्हणून लस कुठल्याही बाळाला पहिल्या 24 तासांत द्यायची, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर 12 तासांच्या आत लस अधिक इम्युनोग्लोब्युलिन. लसीने बाळाचं शरीर स्वतःच्या अँटीबॉडीज बनवायला लागतं पण त्याला वेळ लागतो, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तोवरच्या उसन्या, तयार अँटीबॉडीज.

मध्यरात्र उलटल्यावर मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. लस होती, इम्युनोग्लोब्युलिन संपलेलं. स्टोअर म्हणे सकाळी बघू. नवीन ज्युनियर डॉक्टर म्हणाला, मग सकाळी दोन्ही एकदमच देऊया ना. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जे हातात आहे ते आत्ता." बरोबरच होतं, दुसरं मिळेपर्यंत लस थांबवून ठेवायचं काही कारणच नाही. बाळाची मांडी आधी नीट पुसून घेतली कारण कातडीवर आईचं रक्त असतं आणि त्यातूनच सुई घालायची म्हणजे आपणच व्हायरस आत ढकलायचा, मग व्हायल हलवून, पांढुरकी एकसारखी झालीय ना बघून अर्धा एमएल दिली. बापाला चिठ्ठी देऊन पिटाळलं. सकाळी आठच्या सुमारास तो बर्फाच्या डब्यात इम्युनोग्लोब्युलिन घेऊन धापा टाकत आला, ते दुसऱ्या मांडीत दिलं. 12 तासांत बसलं एकदाचं.

खरा गोंधळ त्यानंतर. कुणीतरी फाइलवर लाल पेनाने ठळक अक्षरात "पॉझिटिव्ह" लिहून ती कॉटच्या पायाशी लटकवली होती. मला याचा भयंकर राग येतो. ग्लोव्ह्ज आणि सुईची काळजी सगळ्याच पेशंटला सारखी घ्यायची असते, मग हा बोर्ड कुणासाठी? व्हायचं तेच झालं, सासूबाईंनी वाचलं. मला बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, हिचं ताट वेगळं करू का? आणि दूध पाजू द्यायचं का?" म्हटलं, ताट राहू द्या, एकत्र जेवल्याने, जवळ घेतल्याने, खोकल्याने हे लागत नाही. दूध खुशाल पाजू दे, फक्त निपलला चीर पडून रक्त येत असेल तर आधी आम्हाला दाखवा. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, रेझर, टूथब्रश, नेलकटर. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा व्हायरस आठवडाभर जिवंत राहतो.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण हिला हे आलं कुठून?" त्या प्रश्नात काय होतं ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मी सरळ सांगितलं की आई, इंजेक्शनच्या वापरलेल्या सुईतून येतं, न तपासलेल्या रक्तातून येतं, संबंधातून येतं, पण कितीतरी जणांना स्वतःच्या जन्मातच मिळालेलं असतं, तेव्हा सगळ्या घराची तपासणी करा आणि मग बोला. पेशंटची आई तिथेच उभी होती, टॉवेलची घडी घालत.

तपासणी झाली. नवरा निगेटिव्ह, अँटीबॉडीजही नाहीत, म्हणजे लस हवीच, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. पेशंटची आई पॉझिटिव्ह, धाकटी बहीणही पॉझिटिव्ह. त्या माउलीला कधी साधी कावीळही झालेली आठवत नव्हती. "म्हणजे मीच दिलं का गं पोरींना?" म्हणून रडायला लागली. तिच्या बाळंतपणात ना कुणी ही टेस्ट केली होती ना पोरींना जन्मतः लस मिळाली होती, यात तिचा काय दोष, हे मी सांगितलं आणि विशेष म्हणजे सासूबाईंनीही सांगितलं.

मला चुटपूट एकाच गोष्टीची. हा रिपोर्ट पहिल्या तीन महिन्यांत हातात असता तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, बघता आला असता, आणि तो जास्त निघाला असता तर सातव्या महिन्यापासून टेनोफोविरची, म्हणजे व्हायरस दाबणारी, गोळी देऊन बाळाचा धोका आणखी कमी करता आला असता.

पुढचे डोस वेळेवर झाले आणि मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर रक्त तपासलं. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटीबॉडीज 10 च्या कितीतरी वर, 10 च्या पुढे म्हणजे संरक्षण मिळालं. पेशंटच्या आईला मात्र लिव्हरवर परिणाम दिसल्याने गोळी सुरू झाली, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गोळीने व्हायरस दबून राहतो, पूर्ण जात नाही, त्यामुळे मनाने बंद करायची नाही हे तिला दर व्हिजिटला बजावावं लागतं. आणि नवरोबा तिसरा डोस विसरले होते, सासूबाईंनीच हाताला धरून आणलं.