चूक तुमची नव्हती, मग पैसे परत का दिलेत?

पार्लरमध्ये शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, शेजारचा मेडिकलवाला विचारतो, सख्खी बहीण तर अजून भांडते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

जिचे केस कापल्याचे पैसे मी परत दिले, त्या मुलीचं बाळ साडेचार महिन्यांचं होतं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात, ते एकदम जातात आणि बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा भरून येतात. हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताई, बाळाच्या मुठीत केस सापडतात. रात्री गुंता सोडवायला हात उरत नाहीत. खांद्यापर्यंत करा." केस कमरेपर्यंतचे. मी दोनदा विचारलं, आरशात हाताने खूण करून दाखवली. कापून झाल्यावर तिने मान दोन्हीकडे हलवून पाहिली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सासूबाई आल्या. मी एकीच्या डोक्याला मेंदी लावत होते, बाकावर तिघी बसलेल्या. "केस बघून पोरगी पसंत केली होती आम्ही. भादरून ठेवलीत! पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे तिच्या, अंबाडा कशाचा घालायचा? घरी विचारायची रीत नाही का तुमच्यात?"

मी म्हणायला गेले की तिनेच सांगितलं. तेवढ्यात ती दारात दिसली, बाळ खांद्यावर. सासूबाई वळल्या. "तू सांगितलं होतंस एवढे कापायला?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही. नुसती टोकं कापा म्हटलं होतं."

मेंदीचा ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. बाळ तिचा पदर तोंडात घालत होतं. नजर काही तिने खाली घातली नाही. मी म्हटलं, "माझ्याकडूनच जास्त गेले. चुकलं माझं." ड्रॉवर उघडून अडीचशे रुपये दिले. सासूबाईंनी ते मोजून घेतले. बाकावरची एक उठून गेली.

तिला वाचवायला केलं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं नाही. खरं बोलून मी सुटले असते, पण तिला त्याच घरात परत जायचं होतं. पण बाकावरच्या बायकांसमोर तमाशा नको, हेही मनात होतंच. आणि एक गोष्ट बहिणीलाही कधी सांगितली नाही. तिचे केस लहरी होते. मी ओल्या केसांवर माप धरलं. असे केस ओले असताना ताणून लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात. तिचे खांद्याच्या दोन बोटं वर गेले होते. ती हसली म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. म्हणजे "चुकलं माझं" हे अगदीच खोटं नव्हतं.

बहीण म्हणते, आता प्रत्येक सासू येईल. आल्या नाहीत, एक नवरा आला. त्याला मी सरळ म्हटलं, डोकं त्यांचं आहे, त्यांना विचारा. शाळकरी मुलगी असेल तर आईला विचारते, ते बरोबरच आहे. पण तिशीच्या बाईचे केस कापायला मी घरची परवानगी मागणार नाही. त्या दिवशी मागितली नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मात्र आता लांब केस उतरवायचे असले की कोरड्या केसांवर चिमटा लावून माप दाखवते आणि हळूच विचारते, "घरी काही म्हणतील का?" गेल्या पावसाळ्यात एक मुलगी हे ऐकून केप काढून उठली. "तुम्हीपण?" एवढंच म्हणाली. मी काळजीपोटी विचारलं होतं. तिला ते तसं ऐकू आलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तरी पुढच्या आठवड्यात दुसरीला विचारलंच.

ती पहिली पुन्हा आली नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. कमरेपर्यंत यायला अडीच-तीन वर्षं लागतील, असं मी मनात मोजत असायचे. दिवाळीच्या आधी साताऱ्यात मोती चौकात दिसली, पोराचं बोट धरून. मी थांबले, ती थांबली नाही. डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेला होता.