पूर्ण पाइंट मिळणार नाही

"ही पाइंटमध्ये देत नाही आम्ही. हाफ घ्या, नाहीतर थर्ड."

स्कॉटलंडमधल्या एडिनबरात टॉलक्रॉसजवळच्या एका पबमध्ये बारमननं मला हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. फळ्यावर एलचं, म्हणजे एका जातीच्या बिअरचं, नाव लिहिलेलं, पैसे माझ्या हातात, आणि किती प्यायची ते हा ठरवणार! मनात पहिला विचार आला तो इथं राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतोच: एकटी बाई, तीही आपल्या रंगाची, हिला झेपायची नाही असं यानं परस्पर ठरवून टाकलं. कोल्हापुरात परमिट रूमच्या दारावरून जाताना मान खाली घालून चालायची सवय लागलेली मी इथं काउंटरला निर्धास्त उभी राहते, याचं मला अजून अप्रूप आहे. त्यालाच कुणी धक्का लावला म्हटल्यावर राग येणारच.

मी काही बोलणार तेवढ्यात काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी तीच एल मागितली. बारमननं त्यांना न विचारताच थर्ड भरून दिला. थर्ड म्हणजे पाइंटचा तिसरा हिस्सा, साधारण १९० मिली. मग त्यानं माझ्यासाठी फळ्यावर बोट ठेवलं: ८.५ टक्के अल्कोहोल. एल होती ऑर्कनी बेटांवरची 'स्कल स्प्लिटर'. दहाव्या शतकात तिथं थॉरफिन नावाचा नॉर्स (व्हायकिंग) सरदार होऊन गेला, त्याच्या 'कवटीफोड्या' या टोपणनावावरून हे नाव ठेवलंय. नियम सगळ्यांना सारखा होता. माझा राग तिथंच उतरला. राग चुकीचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. परदेशात एकटं राहणाऱ्या माणसाला हे कान सतत टवकारलेले ठेवावेच लागतात.

पैसे घेऊन झाल्यावर बारमन म्हणाला, "लगेच पिऊ नका. ग्लास थोडा वेळ तळहातात धरून बसा." हे सांगायचं त्याला काहीच कारण नव्हतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी त्यानं सांगितलं.

ग्लास खिडकीच्या उजेडात धरला तर रंग काळपट दिसणाऱ्या एलमध्ये खालच्या कडेला तांबूस लाली होती. फेस पातळ, बोटभरही नाही. सुरुवातीला वासही फारसा येईना. दहा मिनिटांनी, ग्लास हाताच्या उबेनं जरा तापल्यावर, एकेक वास वर येऊ लागला: आधी बेदाणे, मग सुकं अंजीर, मग जास्त भाजलेल्या पावाच्या कडेचा खरपूस वास. पहिला घोट गोड आणि दाट. गोडी जिभेवर रेंगाळत असतानाच भाजलेपणाचा किंचित कडवटपणा येतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. अल्कोहोल घशाला चरचरत नाही, गिळल्यावर छातीत ऊब जाणवते तेवढीच. तो थर्ड संपायला मला जवळपास तास लागला आणि त्या तासात मी मोबाइल एकदाही बाहेर काढला नाही.

या जातीच्या एलला इथं 'वी हेवी' म्हणतात. पूर्वी एडिनबराजवळच्या प्रेस्टनपॅन्सच्या फाउलर कंपनीची याच नावाची एल अगदी छोट्या, जेमतेम थर्डभर बाटल्यांतून विकली जायची. म्हणजे कमी मापाची रीत त्या बारमनच्या खूप आधीची. त्याखालोखाल शिलिंगची, म्हणजे जुन्या ब्रिटिश नाण्याची, उतरंड आहे: साठ शिलिंग म्हणजे हलकी, सत्तर म्हणजे 'हेवी', ऐंशी म्हणजे 'एक्सपोर्ट'. एकोणिसाव्या शतकात एका पिंपाचा जो घाऊक भाव असे, तोच एलचं नाव होऊन बसला. १९७१ साली ब्रिटननं दशमान पद्धत घेतली आणि शिलिंग व्यवहारातून गेला, पण पबमध्ये आजही लोक "एटी द्या" म्हणतात.

पबमध्ये आणखी एक गोष्ट हमखास ऐकवतात: स्कॉटलंडात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, पिकत नाहीत, ते इंग्लंडकडून विकत घ्यावे लागत, म्हणून इथले ब्रुअर (बिअर करणारे) हॉप्स जपून वापरत आणि एल गोड राही. ऐकायला छान, पण ती तशी खरी नाही. जुन्या ब्रुअरींच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या स्कॉटिश ब्रुइंग आर्काइव्हमध्ये जपून ठेवल्यात, आणि त्या वाचणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय की एडिनबराचे ब्रुअर हॉप्स सढळ हातानं घालत. इथल्या विहिरींचं जड, क्षारांचं पाणी फिकट रंगाच्या पेल एलला मानवायचं, आणि हॉप्सनं भरलेली ती एल जहाजांतून आपल्याकडे, हिंदुस्थानात जायची. त्या व्यापारातून इथं केवढे पैसे आले असतील! मॅकइवन या ब्रुअरनं दिलेल्या पैशांतून उभा राहिलेला एडिनबरा विद्यापीठाचा भव्य हॉल, १८९७ चा, मी रोज बसमधून बघते. 'एक्सपोर्ट' या शब्दामागे आपलीही उन्हं आणि आपल्याकडच्या छावण्या आहेत, हे मला इथल्या लोकांना सांगायला आवडतं. ते ऐकूनही घेतात.

मग ही गोडी येते कुठून? माल्टमधून आणि सबुरीतून. मोड आणून भाजलेले सातू, म्हणजेच माल्ट, गरम पाण्यात भिजवले की पिठूळ भागाची साखर होते. पाणी जरा जास्त गरम ठेवलं तर काही साखर अशी बनते की ती यीस्टला खाता येत नाही. ती एलमध्येच राहते आणि घोटाला जाडी देते. वी हेवीसाठी पहिला, सगळ्यात घट्ट रस वापरतात. त्याच माल्टवर पुन्हा पाणी घालून निघणाऱ्या पातळ रसाची पूर्वी नोकरचाकरांसाठी हलकी बिअर व्हायची. घरी एल करणारे काही जण तर पहिल्या रसातला थोडा वेगळा काढून तो पाक होईपर्यंत आटवतात. त्यानंतर आंबवणं थंडाव्यात, संथपणे, म्हणजे फळांचे वास फार उसळत नाहीत आणि माल्ट वरचढ राहतं. शेवटी काही महिने नुसतं मुरू द्यायचं.

हे सगळं प्रत्यक्ष कुठं बघता येईल म्हणून चौकशी केली तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं: ट्रॅक्वेअर हाउस. उन्हाळ्यात एडिनबराहून एक्स-६२ ची बस धरायची, पीबल्स मागे टाकून इनरलीदनला उतरायचं आणि अर्धा तास चालायचं. वाडा थेट ११०७ पर्यंत मागे जातो, आणि स्कॉटलंडमधलं अखंड राहतं असलेलं सगळ्यात जुनं घर म्हणून तो ओळखला जातो. १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इथं येऊन राहिली होती. त्याचं अस्वलांच्या पुतळ्यांचं मोठं फाटक १७४५ पासून बंद आहे. स्टुअर्ट घराण्याचा राजा पुन्हा गादीवर बसेपर्यंत ते उघडायचं नाही अशी शपथ आहे, आणि ती पाळली जातेय.

ब्रुअरी आहे वाड्याच्या एका बाजूला, प्रार्थनाघराच्या खाली. जुनी बंद पडलेली, अडगळीनं भरलेली ती खोली वाड्याच्या विसाव्या लेअर्डनं (जमीनदारानं), पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी, साफ करून घेतली आणि १९६५ मध्ये बेलहेवन ब्रुअरीच्या सँडी हंटर यांच्या मदतीनं पुन्हा एल करायला घेतली. तिथलं तांब्याचं भांडं १७३९ चं. त्याच्यासमोर उभी राहिले आणि आजोबांचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आलं. तशीच बुटकी, काळवंडलेली खोली, मधोमध मोठं भांडं आणि भिंतींत मुरलेला गोड वास. काहिलीतला रस तांबूस झाला की गूळ व्हायच्या आधी आजोबा आम्हा पोरांना वाटीत काकवी काढून द्यायचे. ट्रॅक्वेअर हाउस एलमध्ये मला नेमकी ती काकवी लागते: गोड, जरा जळकी, मागे खनिजाची चव. एल ७.२ टक्क्यांची. इथं एल ओकच्या लाकडी पिंपात आंबवतात, त्यामुळे शेवटी जिभेवर थोडा तुरटपणाही राहतो. दुसरी आहे जॅकोबाइट एल, ८ टक्क्यांची, १७४५ च्या जॅकोबाइटांच्या, म्हणजे स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडाला अडीचशे वर्षं झाली म्हणून १९९५ मध्ये काढलेली. तिच्यात धने आहेत! नाक ग्लासात घातलं की पहिल्यांदा धनेच येतात, नुकतेच कढईत टाकलेले. आमच्या टूरवरच्या लोकांना तो वास ओळखता येईना. मी ओळखला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

तो वाडा बघताना एक कळ मात्र आली. या घराण्यानं आपल्या घरची जुनी दारू पुन्हा सुरू केली, तिचा वारसा झाला, पर्यटक तिकीट काढून बघायला येतात. आमच्याकडे मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी घरांत निघत होती. इंग्रज सरकारनं १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरच्या दारूवर निर्बंध आणले आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरही बंधनं घातली. पुढे ते सगळं 'गावठी', 'हातभट्टी' म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊन बसलं. यात ट्रॅक्वेअरच्या लोकांचा काही दोष नाही. पण "तुमच्याकडे दारूची संस्कृतीच नाही" असं इथं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. संस्कृती होती. ती कायद्यानं मोडली गेली.

आणि तरीही आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बिअरची बाजू मला घेता येत नाही. टक्केवारी तीच, आठपर्यंत. पण त्यातल्या बहुतेकींत माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर असते. ही साखर यीस्ट सगळी खाऊन टाकतं, उरतं ते अल्कोहोल. अंगात दाटपणा नाही, म्हणून बर्फासारखी गार करून भराभर प्यायची. भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, गार नसेल तर ती बिअर कसली?" विदर्भातल्या मे महिन्यात त्याचं म्हणणं मला पटतंच. चव लपवायला गार करणं आणि उन्हात गारवा मिळावा म्हणून गार करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात २००९ मध्ये डूलाली कंपनीनं मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, काढल्यापासून माल्टची चव ओळखणारी मंडळी वाढली आहेत, हेही खरं. पण बिअर शॉपीच्या काउंटरवर आजही पहिला प्रश्न येतो: "स्ट्राँग की माइल्ड?" कशाची आहे, कुणी केली, कधी केली, हे कुणी विचारत नाही.

घरी माझ्या या आवडीबद्दल सगळ्यांना माहीत आहे. आईला आवडलेलं नाही, ती बोलतेही. मी तिला इथले नियम सांगते. दुकानातून दारू सकाळी १० ते रात्री १० एवढीच मिळते, दहाला मिनिट उलटलं की काउंटरवरून बाटली परत. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक, १०० मिलीलीटरमागे ५० मिलिग्रॅम. आणि २०१८ पासून प्रत्येक युनिटला किमान भाव. तो आधी ५० पेन्स होता, सप्टेंबर २०२४ पासून ६५ आहे. युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत २.६४ युनिट, म्हणजे १ पाउंड ७२ पेन्सच्या खाली ती विकताच येत नाही. जॅकोबाइटसारख्या एलला याचा काही फरक पडत नाही, ती मुळातच महाग. फटका बसतो तो नुसती नशा विकणाऱ्या स्वस्त सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या दारूला. मला हा नियम मनापासून आवडतो. आपल्याकडे ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी वाइन शॉपसमोर लागणारी रांग बघितली की वाटतं, एक दिवस दुकानं बंद ठेवून आपण नेमकं काय साधतो? आईचं यावर उत्तर ठरलेलं आहे: "नियम कितीही चांगला असला तरी प्यायलाच हवी असं कुठं लिहिलंय?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते शोधतही नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी थर्डभर एल घेऊन तासभर बसणं मला आवडतं, एवढंच आहे.

इकडे येणार असाल तर एक क्रम सुचवते. आधी ऐंशी शिलिंगची हाफ घ्या, बेलहेवनची मिळाली तर उत्तमच. ती ब्रुअरी डनबारला १७१९ पासून आहे. कॅलेडोनियन ब्रुअरीची एटी मात्र एडिनबरात तिथं केलेली आता मिळायची नाही. १८६९ ची ती ब्रुअरी २०२२ मध्ये बंद झाली, आणि इथले जुने लोक अजून हळहळतात. नंतर बेलहेवनचीच वी हेवी, ६.५ टक्क्यांची. मग ट्रॅक्वेअर, आणि सगळ्यात शेवटी स्कल स्प्लिटर. एका संध्याकाळी दोनच्या वर जाऊ नका, कारण तिसरीची चव लागत नाही. सोबत चखण्याला तिखट काही नको, जुनं चेडार चीज किंवा भाजलेलं मटण घ्या. भारतात परतताना माणशी दोन लिटर नेता येते. बाटली उभी ठेवा, अंधारात ठेवा, वर्षभर राहिली तरी बिघडत नाही, उलट मुरते. फ्रीजमध्ये ठेवलीच तर प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, बारा-तेरा अंशांवर ती सगळ्यात चांगली लागते.